तेरा कप्प्यांचं हृदय

बारावीला मेडिकलचे मार्क हुकले की माणूस बी.एस्सी.ला जातो, अशी आमच्या घराण्यात समजूत आहे. माझ्या बाबतीत ती दुर्दैवाने खरी ठरली. प्राणिशास्त्र घेतलं त्याच आठवड्यात आत्याने मला बाजूला नेऊन मानेवरचा चट्टा दाखवला.

"आत्या, आम्ही अजून अमिबावर आहोत."

"मग तो झाला की सांग," आत्या म्हणाली.

जीवशास्त्र हा खरं तर चित्रकलेचा विषय आहे, हे मला पहिल्याच प्रॅक्टिकलला कळलं. जर्नलमध्ये शेडिंग केलेलं चालत नाही. टोकदार पेन्सिलीने ठिपके द्यायचे. नावांच्या रेघा पट्टीने ओढायच्या आणि त्यांनी एकमेकींना छेदायचं नाही. भिंगाखाली काय दिसतं हा प्रश्न त्यानंतरचा. कांद्याच्या मुळाचं टोक रंगात बुडवून, काचेखाली अंगठ्याने चेपून पेशी विभागताना बघायच्या होत्या. कांद्याची 16 गुणसूत्रं म्हणे दोन टोकांना ओढली जाताना दिसतात. मला दिसला तो जाड काळ्या काठाचा एक देखणा गोल. मी त्याची मन लावून आकृती काढली. "पेशीभित्तिका फार जाड," असा सरांचा शेरा आला. पुढे कळलं, तो हवेचा बुडबुडा होता. (शेरा तरीही चूक नव्हता.)

मग झुरळ आलं.

ते ज्याचं त्याने आणायचं होतं, पण माझ्यासारख्यांची सोय प्रयोगशाळेतले मामा करत. संध्याकाळी गटाराचं झाकण उचलून ते मोठी, लालसर झुरळं पकडत आणि सकाळी श्रीखंडाच्या डब्यातून वाटत. त्यानंतर आमच्या घरी श्रीखंड आलं की मी पुरी लोणच्याशी खात असे. या झुरळाचं शास्त्रीय नाव पेरिप्लॅनेटा अमेरिकाना; लिनियसने 1758 मध्ये दिलेलं. मूळ गाव आफ्रिका, मुक्काम आमच्या गटारात, पण आडनाव अमेरिकन. असे दोन-तीन जण आमच्या नात्यातही आहेत.

मेणाच्या ट्रेमध्ये पाणी ओतून त्याखाली झुरळ टाचायचं, दोन्ही कडांनी कात्री चालवायची आणि पाठीवरची कवचं अलगद उचलायची. ती मी अलगद उचलली आणि बेसिनमध्ये टाकली. मग अर्धा तास हृदय शोधत बसलो. झुरळाला हृदय असतं, आणि चांगलं 13 कप्प्यांचं असतं, हे पाठ होतं. ते पाठीच्या कवचाला आतून लागून असतं, हे मात्र वाचायचं राहिलं होतं. मामांनी माझ्या ट्रेमध्ये डोकावलं, मग बेसिनमध्ये डोकावलं आणि मान हलवली. "हृदय तिकडं गेलं. आता पिवळे धागे तरी सांभाळा." पिवळे धागे म्हणजे मालपिघी नलिका, झुरळाची मूत्रपिंडं म्हणा. मामांचं शिक्षण सातवीपर्यंत. पण विभागात झुरळ त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, आणि हे सरांनाही मान्य होतं.

पुढे 2014 मध्ये यूजीसीने ही विच्छेदनं बंद करायला सांगितली. योग्यच झालं. माझ्या हातून गेलेल्या सात झुरळांपैकी एकाचंही हृदय विज्ञानाच्या कामी आलं नाही.

परवा रात्री सिंकखालून एक निघालं. जात मी लगेच ओळखली आणि पलंगावर चढलो. बायकोने चप्पल काढली. नेम नेमका पाठीवर बसला. म्हणजे हृदय गेलं, तेराही कप्प्यांसकट, एवढं मी वरूनच सांगितलं.