नादब्रह्माचा सरंजाम
रत्नागिरीच्या नाट्यगीतप्रेमी गृहस्थाने घरच्या हाय-फाय संचासाठी म्युझिक सर्व्हर निवडण्याची मसलत आरंभिली, म्हणजे सेकंदाला 44,100 नमुन्यांची सीडी त्यास दरिद्री भासू लागते आणि 1,92,000 नमुन्यांवाचून नादब्रह्माचा साक्षात्कार अशक्य, असा निवाडा ठरतो. (मनुष्याचा कान वीस हजार कंपनांपलीकडे बधिर, आणि साठीनंतर त्याच्याही पुष्कळ अलीकडे, ही गोष्ट अशा बैठकीत काढणे शिष्टसंमत नाही.) एवढ्या सरंजामाने ऐकावयाचे काय, तर बालगंधर्वांच्या त्या जुन्या तबकड्या, ज्या 1925 पूर्वी मायक्रोफोनशिवाय, कर्ण्यापुढे गाऊन, तीन-साडेतीन मिनिटांत उरकाव्या लागल्या! त्यांतील खरखर मात्र आता अपूर्व स्पष्टतेने ऐकू येते, हे दप्तरी नमूद केलेच पाहिजे. आषाढात वीज गेली, की हा खटाटोप तहकूब.