कांदा तडीपार

डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट चाळले, चष्मा काढला आणि म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. तुमचं आतडं जरा चिडखोर आहे." आयबीएस म्हणतात त्याला. गावी, कोडोलीत परतल्यावर मी हे निदान घरात जाहीर केलं. बायको भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "आतड्यापुरतंच आहे म्हणाले का?"

सोबत एक यादी मिळाली होती. लो-फॉडमॅप आहार. फॉडमॅप हा शब्द मेलबर्नच्या संशोधकांनी २००५ साली घडवला. काही पदार्थांतल्या साखरी लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, त्यांचं हे नाव. त्या पाणी ओढून घेतात आणि पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात. मग गॅस धरतो. इतरांचं आतडं हे मुकाट सोसतं. माझं मात्र जोतिबाच्या चैत्र यात्रेसारखं सासनकाठ्या नाचवायला लागतं.

यादीत वर्ज्य काय, तर कांदा, लसूण, गहू, दूध, हरभरा, काजू, आंबा. वाचून वाटलं, ही आहाराची यादी नव्हे, जिल्ह्यातून तडीपारीची नोटीस आहे! आमच्याकडे चटणी म्हणजेच कांदा-लसूण. उन्हाळ्यात डंकावर कांडून वर्षाची बरणी भरायची, मग आमटी असो की अंडी, चमचा त्याच बरणीत. कांदा सोडणं एकवेळ जमेल, पण "खात नाही" म्हणून सांगणं महाकठीण. शेजारच्या वहिनी पुरणपोळी घेऊन आल्या. बाहेर गहू, आत हरभऱ्याची डाळ, वर वाटीभर दूध. तीन आरोपी एकाच ताटात! मी हात जोडले. "आमच्या हातचं चालंना व्हय भाऊजी आता?" म्हणाल्या. आतडं त्या दिवशी गप्प होतं, वहिनी आठवडाभर.

हळूहळू यादीची दयाळू बाजू दिसली. भात, ज्वारीची भाकरी, वांगं, भेंडी, शेंगदाण्याची चटणी चालते. बेताची साखरही चालते. वारणेच्या ऊसपट्ट्यात राहणाऱ्याला हा केवढा दिलासा! मटणात तर या साखरी नसतातच, गुन्हा मसाल्याचा. हिंग चालतो, पण डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणून खडा आणला.

खरी गंमत तेलाची. कांदा-लसणातल्या त्या साखरी पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून लसूण तेलात परतून काढून टाकला, तर वास राहतो आणि पोटही राहतं. रश्शातला कांदा वेचून बाजूला ठेवण्यात मात्र अर्थ नाही; त्यानं आपलं काम पाण्यात आधीच उरकलेलं असतं. हे कळताच मला मिसळीचा कट आठवला. कटावर तेलाचा तवंग असतोच की! घरी कांदा-लसूण तेलात परतून, गाळून, खास कट केला. साखरींनी मला माफ केलं, तिखटानं नाही.

आजी चातुर्मासात कांदा-लसूण शिवत नसे. "तिला हे सगळं आधीच ठाऊक होतं," असं म्हणायचा मोह होतो. पण त्याच पानात गव्हाची पोळी आणि डाळीची आमटी असायची. तेव्हा आजीला निम्मेच मार्क.

ही तडीपारी जन्माची नसते, हे लोक विसरतात. दोन ते सहा आठवडे सगळं बंद, मग एकेक पदार्थ थोडा थोडा वाढवत परत घ्यायचा, दोन-तीन दिवस पोटाची साक्ष काढायची. माझ्याकडे दूध निर्दोष सुटलं, लसूण जामिनावर आहे, कांद्यावर गुन्हा शाबीत. पुरणपोळी अर्धी चालते. ती मागायला मी स्वतः वहिनींच्या दारात गेलो, तेव्हा कुठे त्या बोलल्या.

तुमचंही पोट असंच चिडत असेल, तर माझी यादी उतरवून घेऊ नका; तुमचा आरोपी वेगळा असेल. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर यादीच्या भानगडीत न पडता आधी डॉक्टर गाठा. आणि पथ्य सुरू करण्याआधी शेजारी सांगून ठेवा. पोटाला समजावणं त्या मानानं सोपं आहे.