साहेबांनी ठेका धरला

आपल्या शहरातल्या क्रांती चौकात नाचणारा माणूस नेमकं काय करतोय, हे तो कोण आहे यावर ठरतं. रिक्षावाल्याचं पोरगं डीजेपुढे नाचलं, तर ते चेकाळलं. त्याच गाण्यावर कॉलेजची मुलं नाचली, तर तरुणाई थिरकली. आणि गर्दीतून वाट काढत एखादे नेते आले, दोन्ही हात वर करून त्यांनी कमरेला जरासा हिसका दिला, तर दुसऱ्या दिवशी मोठ्या फोटोखाली छापून येतं, ‘साहेबांनाही ठेका धरण्याचा मोह आवरला नाही.’ गाणं तेच, डांबर तेच. ठेका धरायला मात्र पद लागतं. राजाबाजारच्या संस्थान गणपतीची विसर्जन मिरवणूक निघते तेव्हा सर्वपक्षीय मोह एकाच रस्त्यावर अनावर झालेला पाहायला मिळतो. एकाच्या गळ्यात ढोल, दुसऱ्याच्या हातात झांजा. त्यातला एकही चेकाळलेला नसतो.

उत्साहाला नावं ठेवण्याच्या बाबतीत मराठी मुळीच कंजूष नाही. हुरळणं, चेकाळणं, शेफारणं, उधळणं, अंगात येणं. शिवाय गुडघ्याला बाशिंग बांधून तयार असलेला तो उतावळा नवरा आहेच. पण हे सगळे शब्द वरून खाली जातात, खालून वर कधी चढत नाहीत. सासू सुनेला ‘शेफारलीस’ म्हणते. सून सासूला म्हणत नाही, निदान ऐकू जाईल असं तरी नाही. मास्तर वर्गाला ‘लई चेकाळलात का रे?’ असं विचारतात. शिक्षणाधिकारी येणार म्हणून तेच मास्तर सकाळपासून रांगोळी, तोरण आणि स्वागतगीत यांच्यामागे घामाघूम होऊन धावत असतात, तेव्हा वर्ग गप्प असतो. त्या धावपळीला ‘जय्यत तयारी’ म्हणतात.

२०१० च्या ऑक्टोबरात आपल्या शहराने, तेव्हाच्या औरंगाबादने, एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या. उद्योजक, डॉक्टर, बिल्डर अशी मंडळी एकत्र आली आणि सुमारे ६५ कोटींचा सौदा झाला. स्टेट बँक कर्ज घेऊन हजर होती. देशभर नाव झालं. उद्यमशीलता, धडाडी, आत्मविश्वास असे खणखणीत शब्द बाहेर निघाले. ‘हुरळणे’ हे क्रियापद त्या दिवशी रजेवर असावं. त्याच हंगामात कापसाचे भाव चढले होते. समजा, गंगापूर-पैठणकडच्या कुणी चार पैसे बरे मिळाले म्हणून नवी फटफटी घेतली असती, पुढे हार घालून ती गावातून दोनदा फिरवली असती, तर हे क्रियापद ताबडतोब कामावर रुजू झालं असतं. ‘पैसा दिसला की हुरळतात हो ही माणसं’, असं म्हणणारा गृहस्थ त्या वेळी बहुधा स्वतःच्या नव्या गाडीच्या काचेवरचं लिंबू-मिरची सरळ करत असता.

(दौलताबादच्या किल्ल्यावर जाणाऱ्यांनी एक आठवावं. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून इकडे आणली आणि पुढे परत नेली. मराठीने त्याला ‘वेडा महंमद’ करून टाकलं. त्याच्या पदरी माहिती खातं असतं, तर जाण्याचा ‘ऐतिहासिक निर्णय’ झाला असता आणि परतीचा ‘फेरआढावा’.)

पाण्याच्या बाबतीत तर या शब्दांची चंगळ आहे. पैठणचा नाथसागर जलाशय भरला की जलपूजन होतं, खण-नारळाने ओटी भरली जाते, ‘आनंदाला उधाण’ येतं. धरणाचे टक्के आपण क्रिकेटच्या धावांसारखे वाचतो. नळाला त्याचं काही नव्हतं. धरण काठोकाठ भरलं तरी शहरात पाणी यायचं ते जुन्या नळांतून जेवढं मावेल तेवढंच. म्हणून १२ डिसेंबर २०२० ला १६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं आणि काम ‘युद्धपातळीवर’ सुरू झालं. आकडा पुढे २७४० कोटींवर गेला. उत्साहाच्या भरात कुठेतरी काहीतरी वाढलंच पाहिजे. या योजनेचा मुख्य नळ २५०० मिलिमीटरचा आहे, म्हणजे आत उभं राहून साहेबांना आरामात ठेका धरता येईल. २३ मे २०२२ ला त्या वेळच्या विरोधी पक्षाने रिकामे हंडे घेऊन ‘जलआक्रोश’ मोर्चा काढला. मग सव्वा महिन्यात सरकार बदललं आणि आक्रोशाच्या जागी ‘आढावा बैठक’ हा शब्द आला. हंडे मात्र बदलले नाहीत. बऱ्याच दिवसांनी पाण्याचा दिवस उजाडतो, लाइनमन भलत्याच वेळी चावी फिरवतो, आणि ‘आलं गं बाई, आलं!’ अशी हाक देत गल्ली पळत सुटते. त्या पळण्याला आपल्याकडे ‘झुंबड’ म्हणतात. जल्लोष धरणावर होतो, नळावर झुंबडच.

आता या कोशातला माझा सगळ्यात लाडका शब्द. अतिउत्साही कार्यकर्ता. हा प्राणी तक्रार दाखल होईपर्यंत अस्तित्वातच नसतो. त्याआधी तो निष्ठावंत असतो, ढाण्या वाघ असतो, फ्लेक्सवर खालून तिसऱ्या ओळीत काळा चष्मा लावून उभा असतो. सिग्नल झाकून फ्लेक्स लावणं, मध्यरात्री तलवारीने केक कापणं, जेसीबीतून फुलं उधळणं, ही सगळी कामं निष्ठावंताची. व्हिडिओ फिरायला लागला, पोलिसांनी विचारलं, की साहेब माईकपुढे येऊन सांगतात, ‘आमच्या काही अतिउत्साही कार्यकर्त्यांकडून हा प्रकार घडला असावा.’ ‘अति’ ही तेवढी दोनच अक्षरं म्हणजे साहेब आणि कार्यकर्ता यांच्यामधली भिंत. दुसऱ्या पक्षाच्या पोरांनी हेच केलं, तर ती हुल्लडबाजी. आपल्याला न आवडणाऱ्या मिरवणुकीत झालं, तर उन्माद. आवाजाचे डेसिबल तिन्हीकडे सारखेच.

पोलीस ठाण्यात गेल्यावर त्याच्याबद्दलची भाषा आणखी बदलते. तिथे तो ना निष्ठावंत, ना उत्साही. गैरकायद्याची मंडळी जमवून, मोठमोठ्याने आरडाओरडा करताना मिळून आलेला तो एक ‘सदर इसम’ असतो. पोलिसांच्या मराठीत कुणी आनंदात नसतंच. फार तर मिळून येतं.

जामीन झाला की मात्र प्रगती होते. महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं निवडणूकच झाली नाही. शहरात नगरसेवक एकही उरला नव्हता आणि खुर्च्या सगळ्या रिकाम्या होत्या. सदर इसम बाहेर आला, गळ्यात हार पडले, पेढे वाटले गेले. आठ दिवसांत कोपऱ्यावर त्याचा स्वतःचा फ्लेक्स लागला, या वेळी फोटो सगळ्यात मोठा आणि खाली ठळक अक्षरांत ‘भावी नगरसेवक’. शुभेच्छुकांत साहेबांचं नाव पहिलं होतं.