किल्ली विश्वस्तांकडे आहे

निवडणूक लागली की प्रचाराचा पहिला नारळ देवळात फुटतो. त्याला हरकत नाही. उमेदवारही भाविक असतो. हरकत पुढच्या गोष्टीला आहे. आरतीनंतर, जुम्म्याच्या नमाजानंतर किंवा रविवारच्या मिस्सेत माइक ज्याच्या हातात आहे तो एका उमेदवाराचं नाव घेतो, तेव्हा समोर बसलेल्याला उठून जाता येत नाही. कोण उठला, हे लहान गावात सगळ्यांना दिसतं.

श्रीवर्धनकरांना हे फोड करून सांगायला नको. गावकीचं न ऐकणाऱ्याला वाळीत टाकल्याची प्रकरणं याच रायगड जिल्ह्यातून एकामागून एक बाहेर आली आणि राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा केला. किराणा बंद, बोलणं बंद, मयताला खांदा द्यायला कुणी नाही, हे ज्याने शेजारच्या घरात पाहिलंय, त्याच्याकडून देवापुढे मताचा शब्द घेणं ही विनंती नव्हे. ती जबरदस्ती आहे. मग मत गुप्त राहिलं कुठे?

सांताक्रूझच्या 1990 च्या निवडणुकीतून निघालेला अभिराम सिंह खटला सर्वोच्च न्यायालयात 2 जानेवारी 2017 रोजी निकाली निघाला. सात न्यायमूर्ती, चार विरुद्ध तीन. उमेदवाराचा, त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा किंवा मतदाराचा, कुणाचाही धर्म पुढे करून मत मागणं हा भ्रष्ट आचार ठरला. पण एक पळवाट उरतेच. उमेदवार म्हणतो, महाराज बोलले, मौलाना बोलले, मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्याची संमती सिद्ध करत बसा.

ती वाट बुजवणारा कायदा 1988 पासून आहे, आणि त्याचं नाव गावात क्वचितच कुणाला ठाऊक असतं. धार्मिक संस्थांच्या गैरवापराला आळा घालणारा हा कायदा थेट व्यवस्थापकाला धरतो. देवळाची, मशिदीची, चर्चची जागा किंवा तिथला उत्सव राजकीय प्रचाराला वापरू दिला, तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

अमेरिकेत करसवलत घेणाऱ्या चर्चना 1954 पासून उमेदवाराच्या प्रचाराची मनाई आहे. जुलै 2025 मध्ये तिथल्या करखात्याने कोर्टात मान्य केलं की, पाद्रीने प्रार्थनेच्या वेळी आपल्याच भाविकांना उमेदवार सुचवला तर चालेल. आपण ती वाट धरू नये.

धर्मगुरूने तोंड शिवून बसावं, असं मी म्हणत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईच्या जमिनी आणि पाण्यासाठी भूमाफियांशी लढले, उघड्यावर, लोकांना सोबत घेऊन. त्या लढ्याने वसईचा माणूस निर्भय झाला. नाव घेऊन मत मागणारा धर्मगुरू माणसाला पुन्हा भित्रा करतो.

म्हणून हे सांगणं उमेदवारांना नाही. पेठेतल्या देवळांचे विश्वस्त, मोहल्ल्यातल्या जमातीचे पदाधिकारी, जीवना कोळीवाड्याचे पंच, तुम्हाला आहे. आचारसंहिता लागली की माइकची किल्ली तुमच्याकडे ठेवा, आणि मागायला कुणीही आला तरी देऊ नका.