घरात करूया की!

बेळगावात वडगाव म्हणा, शहापूर म्हणा, प्रत्येक गल्लीत एक अण्णा असतोच. उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर हयात गेलेली, आणि तोंडात एकच वाक्य : "इकत कशाला आणायचं वो? घरात करूया की!" मूळचा निपाणीकडचा असला तर हा आजार जरा जास्तच बळावलेला असतो.

आमच्या गल्लीतल्या अण्णांनी आजवर घरात मिक्सरचं झाकण केलंय, सोलरचा बंब केलाय, कुकरची शिट्टी केलीय. शिट्टीबद्दल वैनींसमोर बोलायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात पाळी आली हॅमॉकची. पुण्याच्या जावयानं फोन केला, "मामा, जांबोटीकडं रानात मुक्काम करू. मी हॅमॉक मागवतोय, हजार-दीड हजाराला मिळतो." अण्णांनी फोटो बघितला. "दोन दोऱ्या नि एक फडकं. ह्याला पैसे?"

दुसऱ्या दिवशी अण्णा निपाणीला. पाहुण्यांच्या वखारीतनं तंबाखूच्या बोदाचं जुनं बारदान फुकट मिळालं. फुकट म्हणजे जायचं-यायचं एसटीभाडं, पाहुण्यांच्या पोरांना खाऊ आणि वखारीतल्या हमालांना चहा. मग गणपत गल्लीतनं दोरी, कुठनं तरी लोखंडी कड्या, दाभण, सुतळी. वैनी म्हणाल्या, "एवढ्यात इकतचे दोन आले असते." अण्णा म्हणाले, "मजुरी घरची हाय, ती कशाला धरतीस?" मजुरी कुणीच धरली नव्हती.

चाचणी त्यांना निपाणीजवळ अर्जुननगरलाच घ्यायची होती. निपाणी कर्नाटकात, पण तिला खेटून असलेलं अर्जुननगर, तिथल्या देवचंद कॉलेजासकट, महाराष्ट्रात. डोकं एका राज्यात, पाय दुसऱ्यात, असा अण्णांचा बेत. पाहुण्यांनी हात जोडले. सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्यात अण्णा नेमके कुठल्या हद्दीत पडले, हा आणखी एक मुद्दा कशाला?

पण माणूस हुशार, हे कबूल केलं पाहिजे. जांबोटीजवळच्या शेतात जावयानं आपला विकतचा हॅमॉक दोन आंब्यांना बांधला तो तारेसारखा ताणून. अण्णांनी खिशातला खडू काढून फावड्याच्या पात्यावर त्रिकोण काढला. "जावईबापू, दोरी आडवी रेषेत गेली की मेली. 30 अंशाचा उतार ठेवा. तुमचं वजन 80 किलो, तर एकेका दोरीवर 80 किलोच येतंय. तुमचा उतार 10 अंश. एकेका दोरीवर 230 किलो. आता झाड इचारायलंय, वर किती जणं हाईत?" मग तिरकं कसं झोपायचं, म्हणजे पाठ सरळ राहते, हे स्वतः झोपून दाखवलं. झोपताक्षणी सात-आठ शिंका आल्या. बारदान कितीही झटकलं तरी तंबाखू ती तंबाखू. "डास येत नाहीत ह्यानं," अण्णा नाक पुसत म्हणाले.

रात्री खरी गंमत. वर लटकलेल्या माणसाला थंडी खालनं लागते. अंगाखालची झोपायची पिशवी दबून चपटी होते, तिच्यातली हवा जाते आणि पाठ गारठते. जावई त्या महागड्या पिशवीत रात्रभर कुडकुडत होता. अण्णांनी घरची वाकळ अंगाखाली न घेता हॅमॉकच्या बाहेरनं, खालच्या बाजूला, सैल बांधली होती. परदेशातले लोक हल्ली ह्याच कामासाठी वेगळी रजई विकत घेतात म्हणे. अण्णा आरामात घोरत होते, मधेच शिंकत होते, परत घोरत होते.

सकाळी जावयानं विचारलं, "मामा, मला एक करून द्याल?" झालं! हे असं कधी विचारायचं नसतं. बोदाचं आणखी बारदान आलं. दिवाणखान्यात कड्या, सोप्यात सुतळी, वैनी माहेरी. महिन्याभरात गल्लीत घरटी एक हॅमॉक वाटला गेला. कुणाकडं झाडं आहेत का, हे अण्णांनी विचारलं नाही.

आमचा जिन्याखाली टांगलाय. वास अजून गेलेला नाही, त्यामुळं माणूस त्यात टिकत नाही. आम्ही कांदे ठेवलेत. परवा अण्णा आले, वाकून बघितलं, एक कांदा दाबून पाहिला आणि समाधानानं म्हणाले, "बघा, एक तरी नासलाय काय? इकतच्या नायलॉनात घामेजून गेले असते."