तोंडी परीक्षा, बंद तोंड

दहावीच्या इंग्रजीत लेखी परीक्षेला ८० गुण, तोंडीला नि अंतर्गत मूल्यमापनाला २०. तोंडी परीक्षा शाळेतच, घेणार शाळेच्याच बाई. ‘व्हॉट इज युवर नेम?’ला पोरगा नाव सांगतो, पुढच्या प्रश्नाला छताकडे बघतो आणि बाई शांतपणे अठरा गुण मांडतात. २०१९च्या परीक्षेला अभ्यासक्रम नवा आला, भाषांचे हे हातचे गुणही गेले. राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आपटला. ओरड झाली, गुण परतले आणि २०२०मध्ये निकाल थेट ९५.३० टक्के! वर्षभरात पोरं फाडफाड इंग्रजी बोलू लागली, असं मात्र कुणी म्हणालं नाही. वीस गुण खुशाल द्या. आधी पोरांना दोन वाक्यं बोलू तर द्या.