आजीचा भयपट कसा काढावा

साहित्य: आठवण सुटत चाललेली आजी एक, सीसीटीव्ही कॅमेरे दोन, छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतलं रो-हाउस एक. घर आजीच्याच नावावर असेल तर उत्तम. का, ते शेवटी कळेल.

कॅमेऱ्यात आपोआप 'सापडलेला' सिनेमा काढायचं हे दुकान 1999 साली 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने जोरात चालवलं. 2014 च्या 'द टेकिंग ऑफ डेबोरा लोगन'ने त्यात अल्झायमर आणला. प्रबंधासाठी एक विद्यार्थिनी कॅमेरे घेऊन म्हातारीकडे येते, आणि घर हातचं जायला आलंय म्हणून मुलगी पैशांसाठी हो म्हणते. पुढे म्हातारीच्या अंगात मेलेला खुनी निघतो. आपल्याकडे सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांनी 'अस्तु'त मोहन आगाशेंना याच आजारात हत्तीमागे धाडलं आणि कुणालाच दचकवलं नाही. ही चूक आपण टाळायची.

स्थळ म्हणून दौलताबाद किल्ल्यातली अंधारी सुचेल. नको. तिथे सहलीची पोरं आधीच किंचाळत असतात.

वेळ पहाटे तीन. ओट्याशी भांडं वाजतं. आजी कोरड्या नळाखाली हंडा धरून उभी आहे. दहा मिनिटं तशीच. पाणी नाही, तरी मधूनच हंडा कलता करून आत बघते. अडचण इतकीच, की परगावचा प्रेक्षक घाबरेल आणि आपला विचारेल, "आलं का?" जायकवाडी धरण पन्नासेक किलोमीटरवर असून ज्या शहरात नळाची वाट दिवसचे दिवस बघितली, तिथे या प्रसंगावरून आजार ओळखणं अवघडच.

मग डॉक्टरांकडे न्या. तीस गुणांच्या चाचणीत एक प्रश्न असतो: आपण कोणत्या गावात आहोत? आजी म्हणते, "औरंगाबाद." लगेच भेसूर संगीत टाकू नका. मलिक अंबरचं खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. गुण कापायचा तर कुणाचा?

दिवेलागणीला आजी पिशवी भरून दारात बसते: "मला घरी सोडा." या आजारात संध्याकाळी गोंधळ वाढतो, हे डॉक्टर सांगतात. मावशी मात्र सांगतील, बाहेरचं आहे. देवऋषी आणायचा मोह होईल, पण मारहाण करून भूत उतरवण्याला 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि पुरावा तुमच्याच कॅमेऱ्यात सापडेल.

आता आजाराहून भयंकर काहीतरी. याला अमावास्या लागत नाही. कामकाजाचा दिवस लागतो. सकाळचे अकरा. आजीला इरकल नेसवलीय, वेणी घातलीय. दुय्यम निबंधक कार्यालयात धाकटा तिचा अंगठा दोन बोटांत धरून यंत्रावर टेकवतो. "आई, जरा दाब."

"कुणाचा रे तू?"

"दाब आधी."

इथे वेगळा कॅमेरा लावू नका. तिथे सरकारीच असतो, दस्तावर फोटो यावा म्हणून. आजी त्यात बघून छान हसते.

शेवटी पडद्यावर पाटी: ज्येष्ठ नागरिक कायदा 2007, कलम 23. सांभाळायच्या अटीवर बक्षीस दिलेलं घर, सांभाळ झाला नाही तर, न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येतं. अर्ज आजीने स्वतः करायचा, किंवा तिला ते जमत नसेल तर तिच्या वतीने नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेने.